गोवेकरांना दार बंद, आपल्या मुलांना पायघड्या: कॅसिनोचा परवाना देताना सरकार नेमकं काय तपासतं?

जुमाची नमाज झाली आणि मशिदीच्या पायऱ्यांवर एक गृहस्थ आमची वाट पाहत उभे होते. श्रीरामपूरच्या वॉर्ड नंबर दोनमध्ये त्यांचं दुचाकी दुरुस्तीचं छोटं गॅरेज आहे. मुलगा आमचा माजी विद्यार्थी. तो पाच मित्रांबरोबर गोव्याला फिरायला गेला होता. परत आला तेव्हा खिसा रिकामा होता आणि मोबाइलवरच्या दोन कर्ज-ॲपचे हप्ते मागे लागले होते. आकडा इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो की बहिणीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांना हात लावावा लागला.

बापाला पैशांपेक्षा मुलाचं उत्तर जास्त लागलं होतं. ते म्हणाले, "सर, मी रागावलो तर उलटून म्हणतो, अब्बा, वो तो लायसेंसवाला था. चोरीचा अड्डा थोडाच होता? सरकारनेच परवानगी दिलीय ना?"

जुगार हराम आहे हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यासाठी आमच्याकडे यायची गरज नव्हती. पण मुलाच्या बोलण्यात एक खरा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर आम्हाला त्या पायऱ्यांवर लगेच देता आलं नाही. सरकार कॅसिनोला परवाना देतं म्हणजे काय काय तपासून देतं? त्या तपासणीत आपल्या घराचा विचार कुठे येतो का? थोडं वाचलं, थोडं शोधलं. जे समजलं ते मांडतो.

परवाना हा हक्क नाही

आधी कायद्याची बाजू पाहू. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत 'बेटिंग आणि जुगार' हा विषय राज्यांच्या यादीत, नोंद ३४ मध्ये आहे. म्हणून गोव्यात एक नियम आणि महाराष्ट्रात दुसरा.

१९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला हा खटला आला. शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धा चालवणाऱ्यांचं म्हणणं होतं की हा आमचा व्यवसाय आहे आणि व्यवसाय करण्याचा आम्हाला मूलभूत हक्क आहे. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. जुगार हा घटनेच्या अर्थाने व्यापारच नाही, असं सांगितलं. विशेष म्हणजे हे सांगताना निकालात ऋग्वेद आणि महाभारताचेही दाखले आले आहेत. म्हणजे जुगाराला विरोध ही फक्त मुसलमानांची अडचण आहे, असं कुणी म्हणत असेल तर त्याने हा निकाल वाचावा.

याचा सरळ अर्थ असा की किराणा दुकान टाकणारा माणूस हक्काने परवाना मागू शकतो, कॅसिनोवाला नाही. त्याला सरकार सवलत देत असतं. आणि सवलत देणाऱ्याला हवे तेवढे कडक प्रश्न विचारता येतात. मग ते विचारले जातात का?

जिथे प्रश्नपत्रिका मोठी आहे

अमेरिकेतल्या नेवाडा राज्याने १९३१ मध्ये जुगार कायदेशीर केला. सुरुवातीला परवाने स्थानिक पातळीवरच मिळत. गुन्हेगारी टोळ्यांचा पैसा लास व्हेगासमध्ये शिरला, तेव्हा डोळे उघडले. १९५५ मध्ये गेमिंग कंट्रोल बोर्ड आणि १९५९ मध्ये गेमिंग कमिशन नेमलं गेलं. बोर्ड चौकशी करतं, कमिशन निर्णय देतं. तिथे आपण परवान्याला लायक आहोत हे अर्जदाराने सिद्ध करायचं असतं. सरकारने त्याला नालायक ठरवत बसायचं नसतं. बँक खाती, कर विवरणपत्रं, जुने भागीदार, उसने घेतलेले पैसे, सगळं उघडून दाखवावं लागतं. तपास अधिकाऱ्यांचा खर्चसुद्धा अर्जदाराच्या खिशातून जातो.

ब्रिटनच्या २००५ च्या जुगार कायद्याने परवाना देणाऱ्या आयोगासमोर तीन उद्दिष्टं ठेवली आहेत. जुगार गुन्हेगारीचं साधन होऊ नये, खेळ प्रामाणिक असावा, आणि मुलांना व कमजोर व्यक्तींना त्यापासून इजा होऊ नये. अर्जदाराची सचोटी, त्याची कुवत आणि त्याची आर्थिक स्थिती या तिन्ही गोष्टी तपासल्या जातात.

सिंगापूर आपल्यासारखाच अनेक धर्मांचा आशियाई देश, तिथे मुस्लिम लोकसंख्याही चांगली आहे. २००५ मध्ये तिथल्या सरकारने कॅसिनोला होकार दिला तेव्हा देशात मोठा वाद झाला. शेवटी दोनच कॅसिनोंना वाट मोकळी झाली. पण सोबत काही कुलपं लावली. सिंगापूरच्या नागरिकाला आत जायला दिवसाचे १०० डॉलर मोजावे लागत, २०१९ पासून १५० लागतात. दिवाळखोराला आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्याला प्रवेशच नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, कुटुंबातली व्यक्ती अर्ज करून आपल्या माणसाला कॅसिनोत प्रवेशबंदी करून घेऊ शकते. बायको, बाप, भाऊ, मुलगी यांच्या शब्दाला तिथे कायद्याचं वजन आहे.

मात्र मोठी प्रश्नपत्रिका काढली म्हणजे सगळं झालं, असंही नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्राउन या बड्या कंपनीचंच पाहा. मेलबर्नमधला तिचा कॅसिनो १९९४ पासून परवान्यावर चालत होता. २०२१ मध्ये सिडनीच्या परवान्याबाबत झालेल्या चौकशीत ती कंपनी अपात्र ठरली. त्याच वर्षी व्हिक्टोरिया राज्याच्या चौकशी आयोगानेही तोच निष्कर्ष काढला. काळा पैसा पांढरा होत होता आणि व्यसनी ग्राहकांकडे दुर्लक्ष होत होतं. तरीही परवाना लगेच काढला गेला नाही. विशेष देखरेख अधिकारी नेमून कंपनीला सुधारण्याची संधी दिली आणि मार्च २०२४ मध्ये तिला पुन्हा पात्र ठरवलं. इतकी नोकरी, इतका महसूल जिथे अडकलेला असतो, तिथे नापास करायला परीक्षकाचा हात थरथरतो. आम्ही शिक्षक आहोत, संस्थाचालकाच्या मुलाचा पेपर तपासताना काय होतं हे आम्हाला विचारा!

गोव्याची प्रश्नपत्रिका

आता गोव्याकडे येऊ. तिथे मूळ कायदा १९७६ चा, सार्वजनिक जुगाराला बंदी करणारा. १९९२ मध्ये त्यात कलम १३-अ घालून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशिनला वाट करून दिली. १९९६ च्या दुरुस्तीने समुद्रातल्या जहाजांवर पत्ते, रूलेट यांसारख्या टेबलावरच्या खेळांनाही परवानगी आली. म्हणजे बंदीच्या भिंतीतच दार पाडलं गेलं.

हे कलम अगदी छोटं आहे. त्याचा गाभा असा की ठरावीक ठिकाणी, सरकार घालेल त्या अटींवर आणि ठरवेल ती फी घेऊन सरकार परवानगी देऊ शकतं. जागा पंचतारांकित हवी किंवा जहाज हवं, आणि फी हवी. जहाजाला बंदर कप्तान आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानग्याही लागतात. पण मालक कोण, त्याचा पैसा कुठला, त्याची पूर्वीची वागणूक कशी, याची नेवाडासारखी सविस्तर कसोटी या कलमात नाही. ते सगळं सरकारच्या मर्जीवर सोडलेलं आहे.

कायद्यात शब्द समुद्राचा, जहाजं मात्र पणजीसमोर मांडवी नदीत नांगर टाकून उभी. त्यांना नदीतून हलवण्याच्या घोषणा अनेक वेळा झाल्या आणि प्रत्येक वेळी मुदतवाढ मिळत गेली. विरोधी बाकांवर असताना कॅसिनोविरुद्ध बोलणारे पक्ष सत्तेत आल्यावर कॅसिनोची फी वाढवतात, असा गोव्याचा अनुभव आहे. २०१८ मध्ये जहाजांवरच्या कॅसिनोंची वार्षिक फी प्रवासी-क्षमतेनुसार २५, ३० आणि ४० कोटी रुपये केली गेली. क्षमता जास्त, फी जास्त. म्हणजे जितकी जास्त माणसं आत, तितका सरकारचा फायदा. शिवाय जीएसटी वेगळा. तो ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण रकमेवर २८ टक्के झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के.

आता जी गोष्ट आम्हाला सर्वांत जास्त टोचली ती. १ फेब्रुवारी २०२० पासून गोवा सरकारने गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला जाण्यास बंदी केली. व्यावसायिक कर आयुक्तांना गेमिंग कमिशनर नेमलं. तिथली घरं उद्ध्वस्त होत आहेत, अशी ओरड गोव्यातल्या आया-बहिणी कितीतरी वर्षं करत होत्या. सरकारने ती ऐकली, चांगलं केलं. पण या निर्णयाचा दुसरा अर्थ काय? जे आमच्या मुलांसाठी वाईट आहे ते वाईटच आहे, हे सरकारने स्वतः कबूल केलं. आणि मग दार उघडं कुणासाठी ठेवलं? पर्यटकांसाठी. म्हणजे कोल्हापूर, बेळगाव, पुणे आणि आपल्या श्रीरामपूरच्या पोरांसाठी! गोवा एक्सप्रेस आपल्या दौंड–मनमाड मार्गावरूनच जाते. वयाची २१ वर्षं पूर्ण आणि खिशात पैसे, एवढ्यावर दार उघडतं.

महाराष्ट्राने काय केलं?

आपल्या राज्यातही एक कॅसिनो कायदा होता, हे अनेकांना माहीत नसेल. गंमत म्हणजे तोही १९७६ चाच. महाराष्ट्र कॅसिनो (नियंत्रण आणि कर) कायदा विधिमंडळात मंजूर झाला, पण तो लागू करण्याची अधिसूचना कधी निघालीच नाही. जवळजवळ सत्तेचाळीस वर्षं तो कागदावर पडून राहिला. कायदा आहे तर परवाने द्या, अशी मागणी अधूनमधून होत राहिली, हायकोर्टापर्यंत गेली. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने हा कायदा रद्द करण्याचा निर्णय घेतला. गृहखातं सांभाळणारे तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांची भूमिका महाराष्ट्रात कॅसिनो नको अशीच होती. पुढे विधिमंडळातही निरसनाचं विधेयक मंजूर झालं. सरकार कुणाचंही असो, चांगल्या निर्णयाला चांगलं म्हटलं पाहिजे.

ऑनलाइन जुगाराचीही अशीच कथा. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने नियम केला की उद्योगांच्या स्वयंनियामक संस्था कोणता पैशांचा खेळ चालेल ते तपासून ठरवतील. परीक्षार्थीच्याच घरी पेपर तपासायला पाठवण्यासारखं हे होतं. ती व्यवस्था उभीच राहिली नाही. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी आणली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, कारण कायद्याने त्याला बळी मानलं आहे.

मग आता प्रश्न सुटला का? नाही सुटला. आपल्या राज्याने आपलं दार बंद केलं, पण शेजारचं दार खास आपल्यासाठीच उघडं आहे. आणि त्या दाराच्या परवान्यावर महाराष्ट्रातल्या बापाचं मत कुणी विचारत नाही.

दुसरी बाजूही ऐकूया

परवाना पद्धतीच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. ते म्हणतात, बंदी घातली की जुगार थांबत नाही, तो लपतो. आपण हे नाकारू शकत नाही. १८८७ पासून मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा आहे, तरी मटका गावोगाव पोचलाच ना? आणि आपल्या मोहल्ल्यांतही चिठ्ठ्या फिरतात, हे आपण खाली मान घालून कबूल केलं पाहिजे. परवान्याच्या ठिकाणी निदान वयाची अट असते, हिशेब असतो, तक्रार करायला पत्ता असतो. शिवाय गोव्यात हजारो कुटुंबांची चूल या नोकऱ्यांवर पेटते.

कुरआनने सूरह अल-बकरामध्ये दारू आणि जुगाराबद्दल बोलताना त्यात लोकांसाठी काही फायदे आहेत, ही गोष्ट नाकारलेली नाही. पण गुन्हा त्या फायद्यापेक्षा मोठा असल्याचं सांगितलं. पुढे सूरह अल-माइदामध्ये त्यापासून पूर्ण दूर राहण्याचा आदेश आला. आम्हाला यात न्याय करण्याची रीत दिसते. दोन्ही पारडी समोर ठेवा आणि मग बोला. सरकारच्या तराजूत फक्त एकच पारडं आहे. फी किती, कर किती, पर्यटक किती, नोकऱ्या किती, हे सगळं मोजलं जातं. किती घरांतलं लग्न मोडलं, किती पोरांनी कॉलेज सोडलं, किती जणांनी बायकोचे दागिने गहाण टाकले, हे मोजायला कुणी बसत नाही. कारण ती घरं दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात आहेत.

आपल्या भागात खत-औषधांचं दुकान टाकायचं तर ठरावीक शिक्षण दाखवावं लागतं, कारण चुकीच्या औषधाने शेतकऱ्याचं पीक जाऊ शकतं. पासपोर्ट काढायचा तर पोलीस घरी येऊन विचारपूस करतात. पीक जाण्याची काळजी सरकारला आहे. पोरगं जाण्याची काळजी परवान्याच्या कोणत्या रकान्यात आहे?

आपण काय मागावं?

आमच्या मते तीन गोष्टी मागायला हव्यात, आणि त्या फक्त मुसलमानांसाठी नाहीत.

पहिली गोष्ट, सिंगापूरसारखा कुटुंबाचा अर्ज. गोव्याने आपल्या सगळ्या रहिवाशांना बाहेर ठेवलं आहे, तर निदान ज्या बाहेरच्या माणसाचं घर लेखी विनंती करतं, त्याला तरी बाहेर ठेवावं. ओळखपत्र दाराशी तपासलं जातंच, त्यात एक यादी जोडणं अवघड नाही. महाराष्ट्र सरकारने हा विषय गोव्यापुढे मांडावा. आपल्या आमदार-खासदारांना निवेदन देता येईल.

दुसरी गोष्ट, परवान्याची माहिती उघडी असावी. मालक कोण, अटी कोणत्या, किती वेळा तपासणी झाली, काय दंड झाला, हे सर्वांना वाचता आलं पाहिजे. दर काही वर्षांनी नव्याने तपासणी व्हावी आणि ती करणारा अधिकारी कर गोळा करणाऱ्या खात्याचा नसावा. जो वसुली करतो त्याच्याकडेच पहारा दिला तर पहारा कसा होईल?

तिसरी गोष्ट आपल्या गावातली. व्हिडिओ गेम पार्लर असो की पत्त्यांचा क्लब, जे काही परवान्यावर चालतं, त्याच्या अटी काय आहेत हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. दहा रुपयांचा अर्ज लागतो. आपण मोहल्ला कमिट्यांत तासन्‌तास बसतो. त्यातला अर्धा तास या अर्जाला दिला तर?

आणि घरात? मुलगा हरून आला तर त्याला मारून, घराबाहेर काढून काही होत नाही. तो गप्प बसतो आणि पुढचं कर्ज घेतो. तो बोलला, ही त्याची पहिली चांगली गोष्ट समजा. लग्नाच्या पैशांची लाज वाटून ज्या घरांनी प्रकरण झाकून ठेवलं, तिथे ॲपवाल्यांचे फोन वाढत गेले, हे आम्ही दोन-तीन ठिकाणी पाहिलं आहे.

पुढच्या जुमाला आम्ही त्या बाप-लेकाला बरोबरच गाठलं. मुलाला म्हटलं, "बेटा, तो परवाना खरा आहे. त्यावर एवढंच लिहिलंय की मालकाने फी भरली आणि जहाज ठीक आहे. तुझ्याबद्दल त्यात एक ओळही नाही. ज्या सरकारने तो दिला, त्याने स्वतःच्या गावातल्या पोरांना तिथे जायला मनाई केलीय." मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "हे तिथे कुणी सांगितलं नाही, सर." आता तो संध्याकाळी अब्बांच्या गॅरेजमध्ये बसतो आणि हप्ते स्वतःच्या कमाईतून फेडतो आहे.

तिथे कुणी सांगणार नाही, म्हणून इथे आपणच सांगायला हवं. घरात, वर्गात, मशिदीच्या पायऱ्यांवर. अल्लाह आपल्या मुलांची कमाई हलाल ठेवो आणि आपल्याला वेळेवर बोलण्याची तौफीक देवो.